सोयाबीनची साय

देवराव निमगडे यांनी बावीस वर्षांच्या नोकरीत कोणाला शब्द म्हणून दिला नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी जंगलखात्याच्या कार्यालयात ते मोठे बाबू होते, आणि मोठा बाबू शब्द देत नसतो, तो 'बघू' म्हणतो. बांबूचा अर्ज असो की लाकडाच्या वाहतुकीचा परवाना, देवराव चष्मा कपाळावर चढवत, अर्ज खालून वर वाचत आणि 'बघू' म्हणत. अशा माणसाच्या तोंडून सात सप्टेंबरच्या रविवारी, विहारातल्या भरल्या सभेत, 'होऊन जाईल' असं निघून गेलं. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्यांची जी दशा झाली, ती सांगण्यासारखी आहे.

साल शहाऐंशी. वॉर्डातलं नवं विहार त्याच वर्षी उभं राहिलं होतं आणि तिथे पहिल्यांदाच वर्षावास होत होता. म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भंतेजी गाव न सोडता विहारात राहणार आणि रोज एका घराने, दुपारी बाराच्या आत, त्यांना भोजनदान करायचं. भंतेजी होते जपानचे. नाव एशुन, वय साठीच्या पुढचं, अंगाने काटकुळे. भारतात बारा-तेरा वर्षं काढल्यामुळे त्यांना हिंदी आणि मराठी दोन्ही अर्धी अर्धी येत होती. जपानचे भंते मूलला राहणार ही बातमी पार चंद्रपूरपर्यंत गेली होती, आणि जिल्ह्यातल्याच ब्रह्मपुरीच्या मंडळींना ती ऐकून वाईट वाटलं होतं, असंही कोणी सांगत होतं. ते ऐकून मूलच्या मंडळींना बरं वाटलं होतं.

जेवणाच्या पाळ्यांची यादी विहार समितीचे सचिव म्हणून देवरावांनीच केली होती. अठ्ठ्याऐंशी दिवस, अठ्ठ्याऐंशी घरं, आणि खाली तांबड्या शाईत सूचना. त्यातली सूचना क्रमांक तीन अशी, की कोणत्याही कारणास्तव पाळी बदलून मिळणार नाही. ही सूचना एक दिवस आपल्याच मानेवर बसेल, हे लिहिताना त्यांच्या ध्यानात आलं नाही.

घोडं अडलं ते खिरीपाशी. सुजातेने तथागतांना खीर दिली होती, हे वॉर्डातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. त्यामुळे पहिल्या घरी भंतेजींना खीर वाढली गेली. दुसऱ्या घरीही खीरच होती. पहिल्या दोन घरी खीर झाल्यावर तिसऱ्या घरच्या बाईची बिनखिरीचं ताट पुढे करायची छाती होईल कशी? अठ्ठेचाळीस दिवसांत भंतेजींनी अठ्ठेचाळीस खिरी खाल्ल्या. पात्रात पडेल ते निमूट खायचं हा त्यांचा नेम, आणि दूध तर त्यांना जन्मात मानवलेलं नव्हतं. ते शांतपणे खीर संपवत, 'साधू, साधू' म्हणत आणि तासाभराने टमरेल घेऊन विहारामागच्या बांधाकडे चालू लागत. सप्टेंबर उजाडेपर्यंत तिथे ठसठशीत पायवाट पडली. गावच्या डॉक्टरांनी देवरावांना बाजूला घेऊन सांगितलं, की दूध बंद करा, नाहीतर यांना नागपूरला हलवावं लागेल. नागपूरला हलवणं म्हणजे वर्षावास मोडणं. मूलचा पहिलाच वर्षावास खिरीने मोडला, हे ब्रह्मपुरीपर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नसते.

देवरावांनी रीतसर सभा बोलावली. विषय क्रमांक पाच, 'खिरीबाबत विचारविनिमय'. ज्यांच्या पाळ्या होऊन गेल्या होत्या, त्यांचं लगेच एकमत झालं, की खीर बंद करावी. ज्यांच्या राहिल्या होत्या, त्यांचं म्हणणं महिला मंडळाच्या केसरबाईंनी उभं राहून मांडलं.

"अठ्ठेचाळीस घरच्याईनं खीर चारली, अन् माह्या पाळीले बंद? काऊन जी? माह्याच घरचं दूध नासलं हाये का?"

आता 'भंतेजींचं पोट बिघडतं' हे भंतेजींच्या समोर, भरल्या सभेत, सचिवाने कसं बोलायचं? देवरावांनी घसा खाकरला आणि विषय पुढच्या सभेवर टाकला. तेवढ्यात केसरबाईंनीच विचारलं, "भंतेजी, तुमच्या मुलकातलं तुमाले काय आवडते ते तरी सांगा."

 भंतेजी जमिनीकडे बघत म्हणाले, "मेरे गाव में गाईचं दूध नाही होता. सोयाबीन का दूध. गरम करो, तो ऊपर साय येतो. माँ काढायची." आणि लहान मुलासारखे हसले. दीड महिन्यात त्यांना असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

नेमकं त्या हसण्यापायीच सगळं झालं. देवरावांनी सोयाबीनचं एक सरकारी माहितीपत्रक वाचलेलं होतं. त्यात चाळीस टक्के प्रथिने आणि वीस टक्के तेल असं छापलं होतं. यापलीकडे त्यांना सोयाबीनबद्दल काही म्हणता काही माहीत नव्हतं. आणि तरी ते म्हणाले, "होऊन जाईल. माझ्या पाळीला. अठ्ठावीस तारखेला."

घरी अंजनाबाईंनी ऐकून घेतलं. त्या देवरावांच्या पत्नी. मुलं शिकायला बाहेरगावी असल्याने घरात दोघंच. त्या एवढंच म्हणाल्या, "दुधाची साय मले समजते. बियाची साय मी बापजन्मात नाई पाहिली. तुम्ही सांगून आले, तं तुम्हीच काढा."

आता सोयाबीन आणायचं कुठून? मूलच्या चारी बाजूंना धान. सोयाबीन इथल्या लोकांना फक्त सरकारी बियाण्याच्या पाकिटावर भेटलेलं. तेव्हा देवराव बियाण्याच्या सरकारी गोदामात गेले. तिथे लटारू आत्राम हा भांडारपाल होता. त्याने देवरावांना खुर्ची दिली, चहा पाजला, आणि सातबाराचा उतारा मागितला.

"अरे, मले पाच किलो दाणे पाहिजेत. सातबारा कायले?"

"ज्याले जमीन त्याले बियानं, साहेब. अर्ज काळ्या शाईनं लिवजा. तीन वर्साआंदी मी मांडवासाठी बांबूचा अर्ज देल्ला होता. तुम्ही वापस केला, निळी शाई हाये म्हनून. तवापासून मीबी शिकलो."

लटारूच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता, आणि देवरावांना तेच जास्त लागलं. त्यांनी सासऱ्यांच्या नावचा उतारा मिळवला, काळ्या शाईत अर्ज लिहिला आणि प्रयोजनाच्या रकान्यात, दुसरं काही चालणार नाही म्हणून, 'पेरणीकरिता' असं घातलं. चार दिवसांनी पाकिटं मिळाली. घरी फोडली तर दाणे गुलाबी. अंजनाबाईंनी पाकिटाची मागची बाजू वाचली, 'औषध लावलेले बियाणे, खाण्यास अयोग्य', आणि पाकीट देवरावांच्या हातात दिलं. देवराव तसेच उलट पावली गोदामात गेले.

"खाचं होतं तं तसं लिवाचं ना अर्जात," लटारू म्हणाला. मग त्याला दया आली असावी. "भद्रावतीकडे जा, साहेब. तिकडल्या काळ्या मातीत सोयाबीन पेरून राह्यले लोक. बिना औषधाचं भेटन."

भद्रावतीला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत अंजनाबाईंचा भाऊ राहत होता. देवराव एसटीने गेले आणि त्याच्या ओळखीने पाच किलो पिवळेधमक दाणे घेऊन परतले. येताना पिशवीत काय आहे असं कंडक्टरने विचारलं. देवरावांनी अभिमानाने सांगितलं. त्यावर सगळ्या गाडीने एकेक मूठ चावून पाहिली आणि याला काही चव नाही यावर चंद्रपूर येईपर्यंत चर्चा केली. मूलला उतरले तेव्हा पिशवीत साडेतीन किलो उरले होते.

आता देवराव बाबू माणूस. कामाला हात घालायच्या आधी त्यांनी एक नोंदवही आखली. दिनांक, सोयाबीन, पाणी, मिसळण, परिणाम आणि शेवटी शेरा. परात कोण धरणार आणि दाणे कोण वाटणार याचे रकाने त्यात नव्हते. ती कामं अंजनाबाईंकडे आपोआप आली. रात्री भिजवलेले अर्धा किलो दाणे त्यांनी पहाटे पाट्यावर वाटले, पाणी घालून धोतराच्या फडक्यातून गाळले आणि दूध चुलीवर चढवलं.

तोवर शेजाऱ्यांना वास लागलाच होता. पहिला आला गुलाब. त्याचं बसस्टँडवर चहाचं हॉटेल, आणि साय या विषयावर तालुक्यात त्याचा शब्द शेवटचा. दुसरे सोमाजी, राइस मिलमधून निवृत्त झालेले फिटर. त्यांना जगातली कुठलीही अडचण भाताने सुटते असं वाटत असे. दोघं पाट टाकून बसले, आणि मग अठ्ठावीस तारखेपर्यंत उठलेच नाहीत म्हटलं तरी चालेल.

पहिल्या दिवशी पाणी झालं जास्त. दूध बरंच वाढलं पाहिजे, या हिशोबाने देवरावांनी बारा पट पाणी घातलं होतं. दूध उकळलं, फेस आला, उतू गेलं, चूल विझली. साय नावाला आली नाही. नोंदवहीत परिणाम : 'निरंक'.

"चिकनाई नाई ना त्यात," गुलाब म्हणाला. "साय म्हंजे चिकनाई, भाऊ. म्हशीची जाड येते, गाईची पातळ येते, ते काऊन? चिकनाईपायी. याच्यात तेल टाका."

देवरावांना ते पटलं. वीस टक्के तेल तर माहितीपत्रकातही होतंच, त्यात थोडी भर घातली तर बिघडतं काय? घरात जवसाचं तेल होतं, ते चार चमचे पडलं. या खेपेला वर खरोखरच काहीतरी धरलं. देवराव पुढे झुकले, दोन्ही हातांनी कडा उचलल्या, आणि ती साय बोटांमधून ओघळून परत परातीत गेली. जवसाच्या वासाने अंजनाबाईंनी खिडक्या उघडल्या. परिणाम : 'लिबलिबीत, उचलताच फाटते'.

"तेलानं कधी धरते का," सोमाजी म्हणाले. "दाट पायजे दाट. तांदळाची पिठी लाव. कागद चिकटवाचा म्हनलं तरी पिठीच लागते."

तांदळाची पिठी लावलेलं दूध दाट झालं, खाली लागलं, करपलं, आणि वर आली ती साय वाळलेल्या पापडासारखी तडकली. सोमाजींनी तिचा तुकडा तोंडात टाकला आणि मीठ कमी आहे असं सांगितलं.

दर वेळी सगळं बिघडलं की बैठक उठे आणि अंजनाबाई सराट्याने, म्हणजे उलथण्याने, तळाला लागलेलं खरडायला बसत. पातेल्याची खरवड हा त्या घरात त्यांचा वाटा होता. खीर झाली तर तिची, खिचडी झाली तर तिची. देवरावांनी ती चोवीस वर्षांत कधी ताटात घेतली नव्हती की पाहिली नव्हती. सराट्याचा खरर खरर आवाज ऐकला, की जेवण आटोपलं एवढं त्यांना कळे.

दाणे संपत चालले. गुलाब 'हॉटेलात करून पाहतो' म्हणून एक किलो घेऊन गेला, त्याने त्याची भजी केली. पाळीला सहा दिवस राहिले तेव्हा देवरावांनी मनातल्या मनात सूचना क्रमांक तीन पाच-सहा वेळा वाचून पाहिली. तिच्यात फट नव्हती. ती त्यांनी स्वतः लिहिलेली होती. विहारात भंतेजींच्या पायांना सूज दिसू लागली होती, आणि बांधाकडे जाताना आता त्यांना काठी लागत होती. ते पाहिलं, की देवरावांना ऑफिसात अर्ज वाचता येईना.

ते एकटेच जाऊन भंतेजींना भेटले. "भंतेजी, आई कसं करायची, काही आठवते?"

"मैं छोटा था." भंतेजींनी डोळे मिटले. "एक याद है. माँ बोलत नाही. कोणी बोलत नाही. हवा नाही, हलवणं नाही. दूध चूप, आदमी चूप."

देवराव घरी आले आणि हे अंजनाबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी थापणं थांबवलं नाही.

"मले पहिल्या दिवशीच सांगाचं होतं, पण तुमी तिघं बोलूनच राह्यले. हे दुधाची साय नाई जी. दुधावर चिकनाई वर येते, म्हनून ते दाटते. हे सत्त्वाचं हाये. अंडं तव्यावर पांढरं धरते ना, तसं हे धरते. तेल टाकलं तं धराचं सोडते. पिठी टाकली तं कडकते. पानी लय झालं तं धराले काई राहतच नाई. जे हाये ते राहू द्या त्यात, दुसरं काई टाकू नका. अन् उकळू देऊ नका."

देवरावांनी माहितीपत्रक काढून पुन्हा वाचलं. तेल वीस टक्के होतं आणि प्रथिने चाळीस. हा आकडा पंधरा दिवस त्यांच्या खिशात होता. इतके दिवस आपण वीसच्या मागे लागलो आणि चाळीसकडे पाहिलंच नाही, हे लक्षात येऊन त्यांना आपल्याच आखीव वहीची लाज वाटली.

चौथ्या खेपेला सहा पट पाणी आणि मिसळण काही नाही. चुलीच्या जाळाचा भरवसा नव्हता, तिथे मात्र सोमाजी खरंच कामाला आले. मिलमधून त्यांनी धानाच्या भुशाची शेगडी ठासून आणली. तिचा विस्तव तासन्‌तास एकसारखा, ना भडकतो ना विझतो. दूध वाफाळत राहिलं, उकळलं नाही. पंधरा मिनिटांनी वर सुरकुती पडली, आणि हाताएवढा एक पातळ, पिवळसर पापुद्रा तयार झाला. देवरावांना तो उचलता आला नाही, बोटं भाजली. पण तो होता. नोंदवहीत त्यांनी 'साय आली' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग अंजनाबाईंनी सहज सांगितलं, की भिजवताना त्या दर वेळी चिमूटभर खाता सोडा टाकत होत्या, दाणे नरम व्हावे म्हणून. हे कुठल्याच नोंदीत नव्हतं. देवरावांनी चारही नोंदी दुरुस्त करून प्रत्येकीवर छोटी सही केली.

अठ्ठावीस तारीख उजाडली. दाणे उरले होते नेमके अर्धा किलो, म्हणजे पुन्हा चुकायला जागा नव्हती. दारावर देवरावांनी 'शांतता राखा' अशी पाटी लावली. गुलाब आणि सोमाजींना, आजवरची सेवा ध्यानात घेऊन, आत बसायची परवानगी होती, तोंड न उघडण्याच्या अटीवर. साडेआठला लटारू आत्राम आला. त्याच्या हातात बांबूच्या चार गुळगुळीत तासलेल्या कामट्या होत्या.

"साय उचलाले, साहेब," तो कुजबुजला. "बोटं भाजली म्हनून ऐकलं. बांबू बिनापरवान्याचा हाये. लिवून घ्याचं असन तं घ्या."

देवरावांनी कामट्या घेतल्या आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा काही लिहून घेतलं नाही.

परात शेगडीवर चढली. पाच माणसं एका परातीभोवती श्वास धरून बसली. पहिली साय धरली, देवरावांनी कामटी खाली सरकवली, आणि त्याच घटकेला सोमाजींच्याने राहवलं नाही. "आत्ता!" असं ते ओरडले. हात हलला, साय फाटली. अंजनाबाईंनी सोमाजींकडे नुसतं पाहिलं. पुढचे दोन तास सोमाजी हाताने तोंड दाबून बसले होते. फाटलेली साय गुलाबने नमुना म्हणून खाल्ली.

दुसरी साय अख्खी निघाली. कामटीवरून लोंबत होती, तिच्यातून खिडकीचा उजेड पलीकडे दिसत होता. तिसरीही तशीच निघाली. देवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते वाफेमुळे आलं असं सांगितलं. पुढे मात्र एकेक साय जाड होत गेली, रंग तांबूस होऊ लागला, आणि सहावी तर उचलता उचलता तुकडे तुकडे झाली.

"आता सत्त्व निंगून गेलं," अंजनाबाई म्हणाल्या. "गोडपना तेवढा खाली राह्यला. बस करा."

देवरावांनी दोन उत्तम साया घडी घालून ताटात ठेवल्या, जाळीने झाकल्या, आणि परात अंजनाबाईंकडे सरकवली.

सव्वाअकराला भंतेजी आले. पंचशील झालं. वरण, भात, दोडक्याची भाजी, आणि मधोमध ती साय. खीर नव्हती. अर्धा वॉर्ड दारात उभा होता. भंतेजींनी साय उचलली, बघितली, खाल्ली. सावकाश खाल्ली. देवराव त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. निकालाच्या दिवशी पोरं मास्तरांकडे बघतात, तसे.

"अच्छा है," भंतेजी म्हणाले. "एकदम दुकान जैसा."

बस. पुढे काही नाही. भंतेजी वरणाकडे वळले. तीन आठवडे, साडेतीन किलो दाणे, भाजलेली बोटं, सासऱ्यांचा सातबारा, आणि 'दुकान जैसा'. देवरावांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी भंतेजींना दुसऱ्यांदा भात वाढला, तो पाण्याच्या पेल्यात.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. खरर. खरर.

भंतेजींचा हात थांबला. ते ताटावरून उठले. भंते ताटावरून उठून स्वयंपाकघरात जातात, हे वॉर्डात कोणी पाहिलं नव्हतं, आणि देवराव 'भंतेजी, भंतेजी' करत मागे धावले. आत अंजनाबाई परातीसमोर बसून तळाला धरलेलं तांबूस, चिकट, फाटकं तुटकं सराट्याने खरडत होत्या. दारात भंतेजी दिसताच त्यांनी पदर सावरला.

"काई नाई भंतेजी, खरवड हाये. माह्यासाठी. तुमच्यासारख्याईनं खाचं नाई."

भंतेजींनी पात्र पुढे धरलं.

अंजनाबाईंनी देवरावांकडे पाहिलं.  मग त्यांनी खरडलेलं सगळं पात्रात घातलं. भंतेजी तिथेच, उंबऱ्याशी, जमिनीवर बसले. एक तुकडा तोंडात टाकला, आणि चावता चावता त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

"माँ दुकान में काम करती थी," ते म्हणाले. "पहला साय दुकान का. दूसरा, तीसरा दुकान का. सबसे नीचे वाला लाल, टूटा, मीठा, वो बिकता नाही. वो माँ घर आणायची. हम पाँच भाई-बहन. झगडा करायचे." मग देवरावांकडे वळून त्यांनी हात जोडले. "अच्छा वाला मैंने कभी खाया नहीं था. आज पहली बार. तुमने खिलाया."

बाराला दोन मिनिटं कमी असताना पात्र रिकामं झालं. घड्याळाकडे सोमाजींचं लक्ष होतं, पण ते काही बोलले नाहीत. त्या दुपारी भंतेजी बांधाकडे गेले नाहीत, हेही सगळ्या वॉर्डाने बघितलं.

माणसं पांगल्यावर दोघं जेवायला बसले. परात तळापर्यंत स्वच्छ होती, आणि अंजनाबाईंच्या वाट्याला खरडायला काही उरलं नव्हतं. हे आज देवरावांच्या लक्षात आलं. चोवीस वर्षं आपण वरचं वरचं खात आलो आणि तळाशी काय असतं ते विचारलंही नाही, असं त्यांच्या मनात आलं. ते उठले, जाळीखालची दुसरी अख्खी साय आणली आणि आपल्या हाताने अंजनाबाईंच्या ताटात वाढली.

अंजनाबाईंनी खाऊन पाहिली. "पानचट हाये," त्या म्हणाल्या. पण सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पाळी सोमाजींची होती. भंतेजींना खरवड आवडते हे आता गावभर झालं होतं, म्हणून सोमाजींच्या घरी खीर नव्हती. खिरीची खरवड होती. चार शेर दूध मुद्दाम करपवून केलेली. भंतेजींनी ती खाल्ली आणि टमरेल उचललं. तिसऱ्या दिवशीही तेच. देवराव पुन्हा सभेचा विषय लिहायला बसले, 'खरवडीबाबत विचारविनिमय'. अंजनाबाईंनी तो कागद वाचला, पायात चपला घातल्या, आणि संध्याकाळच्या वंदनेला जमलेल्या बायांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"भंतेजीले दूध पचत नाई," त्या म्हणाल्या. "दूधच देऊ नका. खीरबी नाई अन् खरवडबी नाई."

 मग केसरबाई म्हणाल्या, "अवो, मंग हे आधी काऊन नाई सांगितलं? आमी काय दुस्मन हाओ का त्याईचे?"

केसरबाईंनी आपल्या पाळीला तांदळाची पेज आणि मुगाचं वरण केलं. विहारामागच्या पायवाटेवर गवत उगवलं. आश्विन पौर्णिमेला वर्षावास पुरा झाला, आणि भंतेजी जाताना काठी मूललाच विसरून गेले.

नव्या सोयाबीनची रास पडली तशी देवरावांनी पुन्हा एक अर्ज लिहिला. शाई काळी, सोबत सातबारा, मागणी दोन किलो, बिनऔषधाचे. अंजनाबाईंच्या वाट्याची खरवड भंतेजींनी खाल्ली होती, ती भरून द्यायची राहिली होती. प्रयोजनाच्या रकान्यात बराच विचार करून त्यांनी खरं तेच लिहिलं, 'पत्नीस खरवड देण्याकरिता'.

लटारू आत्रामने देवरावांना खुर्ची दिली, चहा मागवला. मग त्याने अर्ज हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, आणि खालून वर सावकाश वाचला.

"बघू," तो म्हणाला.